तळाचा शिक्का

अमेरिकेतील जुन्या ऐषारामी रेल्वेगाड्यांमधल्या वस्तू जमवणाऱ्यांची एक सवय लक्षात घेण्यासारखी आहे. भोजनयानातली बशी हाती आली की ते आधी ती उलटी करतात. नक्षी नंतर; तळाला रेल्वे कंपनीचा शिक्का आहे का, हे आधी. शिक्का असेल तर भाव चढतो. बाजारात नकला पुष्कळ, म्हणून ही सावधगिरी रास्तच. पण शिक्का सांगतो तो केवळ कागदोपत्री मालक. तेवढ्यालाच वस्तूचा इतिहास मानले की संग्रह कंपनीच्या नजरेने पाहू लागतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे सांता फे रेल्वेची मिंब्रेन्यो भांडी. शिकागो ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या ‘सुपर चीफ’ या गाडीसाठी १९३०च्या दशकात मेरी कोल्टर यांनी त्यांची आखणी केली. आजच्या न्यू मेक्सिकोत सुमारे हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या मिंब्रेस लोकांच्या वाडग्यांवरचे पशुपक्षी आणि मासे त्यांनी बशीवर आणले. कोल्टर यांची रेषेची समज उत्तम होती, यात वाद नाही. मात्र मूळ वाडगे बहुतांशी दफनांतून निघालेले आहेत, आणि मृतासोबत पुरताना त्यांच्या तळाला बहुधा भोक पाडलेले असे. एका तळाला भोक, दुसऱ्या तळाला कंपनीचे नाव. संग्राहकांच्या नोंदींत दुसऱ्या तळाचा तपशील बारकाईने येतो. पहिल्याचा उल्लेख झालाच तर ‘आदिवासी प्रेरणा’ एवढ्यावर भागते.

दुसरे उदाहरण साधे आहे : पुलमन कंपनीचे नाव असलेला टॉवेल. जॉर्ज पुलमन यांनी १८६७ मध्ये कंपनी स्थापन केली आणि शयनयानांत सेवेसाठी नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. बिछाना घालणे, बूट चमकवणे, रात्रभर हाकेला ओ देणे ही त्यांची कामे. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारण्याची जुनी रीत रुळांवरही चालू राहिली. प्रवाशाने आठवण म्हणून टॉवेल पिशवीत टाकला, तर त्याची किंमत पोर्टरच्या पगारातून कापली जाई. बुटांच्या पॉलिशचा खर्चही त्याच्याच माथी.

म्हणजे लिलावात ‘आजोबांनी प्रवासातून आणलेला’ म्हणून येणाऱ्या टॉवेलचे पैसे एकदा चुकते झालेले असू शकतात, आणि ते आजोबांनी दिलेले नसतात. प्रत्येक टॉवेल असा नव्हे. १९६८च्या अखेरीस पुलमनची शयनयान सेवा थांबल्यावर पुष्कळ सामान रीतसर विकलेही गेले. पण दोन टॉवेलांतला हा फरक शिक्का सांगत नाही. तो शोधावा लागतो.

संग्राहकांचे ऋण मान्य करायलाच हवे. त्यांनी उचलल्या नसत्या तर यांतल्या कितीतरी वस्तू भंगारात गेल्या असत्या. नक्षीचे प्रकार, कारखाने, कालक्रम यांच्या याद्या त्यांनीच चिकाटीने केल्या. आक्षेप आहे तो यादीतल्या रकान्यांवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी १९२५ मध्ये संघटना उभारली. १९३७च्या करारानंतर महिन्याचे सुमारे ४०० तासांचे काम २४० तासांवर आले. संघटनेची पत्रके, वर्गणीच्या पावत्या, करारनामे हेही त्याच डब्यांचे अवशेष. पण चांदीच्या कॉफीपात्राशेजारी त्यांना क्वचितच जागा मिळते, कारण ऐषाराम या शब्दात ते बसत नाहीत. वास्तविक तो ऐषाराम त्या ४०० तासांवरच उभा होता.

१९२६ पासून कंपनीने डब्यात पोर्टरचे खरे नाव दाखवणारी पाटी लावायला सुरुवात केली. अशी पाटी संग्रहात आली, तर तिच्यावर कंपनीची खूण आहे का हे जरूर पाहावे. मात्र नोंदवहीत पहिल्या रकान्यात लिहावे ते पाटीवरचे नाव, आणि त्या माणसाने कोणत्या गाडीवर किती वर्षे काम केले ते.