सॉफ्टबॉलमधील फटका आणि कटिभ्रमणाचा सिद्धान्त : एक परीक्षण

सॉफ्टबॉलमधील फटक्याविषयी जे प्रशिक्षणपर लेखन आढळते, त्यातील बरेचसे विवेचन बेसबॉलकडून उसने घेतलेले आहे. १८८७ मध्ये शिकागो येथे बंदिस्त जागेत खेळावयाचा बेसबॉल म्हणूनच या खेळाचा जन्म झाला असल्याने हे स्वाभाविकही आहे. परंतु उसनवारी करताना मूळ सिद्धान्त कोणत्या परिस्थितीत मांडला गेला, याची चिकित्सा क्वचितच होते. कंबर वेगाने फिरविली म्हणजे फटक्यात जोर येतो, हे सूत्र अशा उसनवारीचा ठळक नमुना होय. या सूत्रातून दोन प्रश्न उद्भवतात. कंबर फिरते ती कशाच्या बळावर? आणि उंचवट्यावरून खांद्यावरून फेकलेल्या चेंडूसाठी सांगितलेले नियम सपाट जमिनीवरून, हात खालून आणून फेकलेल्या चेंडूला कितपत लागू पडतात?

कटिभ्रमणाच्या सिद्धान्ताचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता म्हणजे टेड विल्यम्स. १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी राखणाऱ्या या फलंदाजाने १९७०-७१ मध्ये जॉन अंडरवुड याच्या सहकार्याने ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पाऊल टाकताना पुढचा गुडघा व कंबर किंचित आत वळवावी, आणि नंतर कंबरेनेच फटक्याचे नेतृत्व करावे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. याउलट चार्ली लाऊ याने १९८० च्या ‘द आर्ट ऑफ हिटिंग .३००’ या ग्रंथात भर दिला तो मागच्या पायावरील भार खंबीर अशा पुढच्या पायावर नेण्यावर. लाऊची स्वतःची सरासरी अवघी .२५५ होती, पण त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट याने १९८० मध्येच.३९० ची सरासरी गाठली. साहजिकच प्रशिक्षकांत दोन पक्ष पडले: एक भ्रमणवादी, दुसरा भारांतरवादी.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा वादच मुळी चुकीच्या विभागणीवर उभा आहे. शरीराला उभ्या अक्षाभोवती वळवावयाचे तर बाहेरून बलयुग्म मिळाले पाहिजे, आणि ते देऊ शकते केवळ जमीन. फटक्याच्या वेळी पुढचा पाय जमिनीला बोटांच्या दिशेने, म्हणजे होम प्लेटकडे रेटतो. मागचा पाय टाचेच्या दिशेने रेटतो. जमिनीची प्रतिक्रिया दोन्ही ठिकाणी याच्या उलट होते. त्यामुळे पुढचा खुबा मागे सरतो, मागचा खुबा पुढे येतो आणि कटिभाग वळतो. दोन पावलांतील अंतर ही या बलयुग्माची भुजा होय. पण पाऊल न घसरता जमिनीला आडवे रेटावयाचे असेल, तर त्यावर पुरेसा भार असावा लागतो. पुढचे पाऊल हवेत असताना कंबर फिरविण्याचा प्रयत्न केला, तर मोठे बलयुग्म मिळत नाही. कंबर वळते ती प्रामुख्याने खांद्यांना उलट दिशेने ढकलून. म्हणजे भारांतर हा भ्रमणाचा प्रतिस्पर्धी नसून त्याची पूर्वअट आहे. विल्यम्सने परिणामाचे अचूक वर्णन केले. लाऊने त्यामागील अटीवर बोट ठेवले.

१९९५ मध्ये वेल्श व त्याच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या फटक्याची जी मोजमापे प्रसिद्ध केली, ती या निष्कर्षाला पोषक आहेत. पुढचे पाऊल टेकते त्या सुमारास जमिनीवरील बल शरीरभाराच्या १२३ टक्के होते; त्यानंतर कटिभागाचा कमाल वेग सेकंदाला ७१४ अंश, मग खांद्यांचा ९३७ अंश, आणि अखेरीस बॅटचा वेग सेकंदाला ३१ मीटर. हा क्रम पाहिला की कंबर हे शक्तीचे उगमस्थान नसून मधला दुवा आहे, हे स्पष्ट होते. ही मोजमापे पुरुष बेसबॉलपटूंची असल्याने त्यांतील आकडे सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. क्रमाचे तत्त्व मात्र घेता येईल.

याच कसोटीवर आणखी एक प्रचलित सूचना तपासणे आवश्यक आहे. मागच्या पावलाने किडा चिरडल्याप्रमाणे चवडा फिरवावा, असे नवशिक्या खेळाडूस सांगितले जाते. वस्तुतः अनेक निष्णात फलंदाजांचे मागचे पाऊल आघाताच्या क्षणी जवळजवळ भाररहित असते. केवळ अंगठा जमिनीस टेकलेला असतो. चवडा फिरतो तो कटिभाग वळल्यामुळे. परिणामालाच कारण मानून त्याचा सराव केला, तर भार मागेच अडकतो आणि पुढच्या पायाला रेटण्यासाठी आधार उरत नाही.

दुसरा प्रश्न चेंडूच्या मार्गाचा. विल्यम्सने किंचित वरच्या दिशेने फटका मारण्याचा पुरस्कार केला, कारण बेसबॉलचा चेंडू उंचावरून खाली येतो. १९६९ पासून १० इंच उंच असलेला पिचरचा उंचवटा सॉफ्टबॉलमध्ये नाही. महिलांच्या सामन्यात अंतर ४३ फूट असते. चेंडू सुमारे २ मीटर पुढे येऊन सुटतो असे धरल्यास, ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू ०.४ सेकंदात पोहोचतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाच्या बेसबॉललाही जवळजवळ तितकाच अवधी लागतो. अवधी सारखा, पण मार्ग भिन्न. हवेचा रोध व फिरकी वगळून केवळ गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला, तर १.८ मीटर उंचीवरून सुटून ०.८ मीटर उंचीवर येणारा बेसबॉल प्लेटपाशी सुमारे ६ अंशांनी उतरत असतो, ०.६ मीटरवरून सुटून १.१ मीटर उंचीवर येणारा सॉफ्टबॉल जेमतेम दीड अंशाने. उलट फिरकी दिलेल्या ‘राइज बॉल’मध्ये हा उतार आणखी कमी होतो. अशा चेंडूसमोर मागचा गुडघा खचवून, कंबर खाली नेऊन वरच्या दिशेने बॅट फिरविली, तर ती चेंडूखालून निघून जाण्याचा संभव अधिक. खाली पडणाऱ्या चेंडूच्या बाबतीत विल्यम्सचे म्हणणे काही अंशी टिकते. उंच चेंडूच्या बाबतीत टिकत नाही.

हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही. महाविद्यालयीन संघातील मुलीस सरावासाठी मोजकीच वर्षे मिळतात. तिने कंबर हिसक्याने फिरविण्याचा सराव केला आणि पुढचा पाय सैलच राहिला, तर कष्ट पुरेपूर होऊनही फटका दुबळा राहतो. आणि दोष मात्र तिच्या ताकदीला दिला जातो. म्हणून निरीक्षणाचा क्रम खालून वर असावा: पुढचे पाऊल टेकले का, त्यावर भार आला का, गुडघा ताठ होत गेला का, आणि त्यानंतरच कंबर वळली का. विल्यम्स आणि लाऊ या दोघांचेही ऋण मान्य करूनच हे म्हणावयाचे आहे. त्यांचे ग्रंथ अनुभवाचे श्रेष्ठ दस्तऐवज आहेत. पण अनुभवी खेळाडूस जे जाणवते, तेच घडण्याचे कारण असते असे नाही. जाणीव आणि कारण यांतील हे अंतर ओळखणे हेच या विषयाच्या अभ्यासकाचे पहिले काम होय.