रात्रीचा आकृतिबंध : गोवा ट्रान्स आणि गोंधळ

हणजूणच्या किनारी परिसरात रात्रभर ट्रान्स वाजवणारा डीजे गोवा गिल (१९५१–२०२३) आपल्या वादनाला प्राचीन आदिम विधीची नवी मांडणी मानत असे. गोंधळाशी तुलना करता हा दावा अंशतःच टिकतो. संबळाच्या ठेक्याप्रमाणे येथेही आवर्तनातून भान हरपते. रात्र सरून पहाट होणे हाच प्रयोगाचा आकृतिबंध ठरतो. मात्र गोंधळात देवतांना आवाहन, आख्यान आणि आरती असा क्रम असतो; यजमानाचा कुळाचार त्यातून पार पडतो. ट्रान्समध्ये आख्यानाची जागा ध्वनीची चढती घनता घेते. नर्तकाला कोणाचे ऋण फेडायचे नसते. म्हणून साम्य कालरचनेपुरतेच मानावे लागते. विधीला विधीपण देणारे उत्तरदायित्व केवळ लयीतून निर्माण होत नाही.