जास्वंदीला फळ कुठे धरते?

फुलाचे भाग शिकवायचे म्हटले की शालेय पुस्तकांत हमखास जास्वंद येते. निवड वरवर पाहता चोख आहे. झुडूप बारमाही फुलते, फूल मोठे असते, ब्लेडने उभे कापले की भिंगाशिवायही बरेचसे दिसते. तरीही या धड्याबद्दल तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही.

फलनानंतर अंडाशयाचे फळ होते व बीजांडांच्या बिया होतात, असे धडा सांगतो. आता आवारातल्या जास्वंदीवर फळ शोधायला मुलांना पाठवा. ती रिकाम्या हाताने परत येतील. बागेतली जास्वंद ही लागवडीतलीच वनस्पती आहे. रानात ती आढळत नाही. तिचे बहुतेक प्रकार सहसा बी धरत नाहीत, आणि फांदी लावून रोप होत असल्याने माळ्याचे काही अडतही नाही. अडते ते विद्यार्थ्याचे. हातातली वस्तू एक सांगते आणि पाठ करायचे वाक्य दुसरे. अशा वेळी मुले वाक्यावर विश्वास ठेवायला शिकतात, डोळ्यांवर नाही.

दुसरा घोटाळा पुंकेसरांचा. जास्वंदीत पुंकेसरांचे वृंत जुळून नळी होते, तिच्यातून कुक्षीवृंत जातो आणि टोकाला पाच कुक्षी डोकावतात. ही त्या कुळाची खासियत. पण एकच नमुना दाखवला की ती सर्वच फुलांची रीत वाटते. मग ‘कुक्षी पुंकेसराच्या टोकाला असते’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याचे गुण कोणत्या तोंडाने कापायचे?

डबल जास्वंद आणणाऱ्या मुलाला मात्र परत पाठवू नये. तिच्यातल्या जादा पाकळ्या मुख्यतः पुंकेसरांच्याच बनलेल्या असतात. नीट शोधले तर कडेला परागकोश चिकटलेली, धड पाकळी नाही की धड पुंकेसर नाही अशी एखादी सापडते. पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा ती जास्त शिकवते!

जास्वंद टाकून द्या असे म्हणणे नाही, तिला सोबत द्या. भेंडी तिच्याच कुळातली. फूल तसेच, नळीही तशीच. पण आज उमललेल्या फुलाच्या जागी साधारण आठवड्यात भेंडी तयार होते. ती आडवी कापली की अंडाशयाचे पाच किंवा अधिक कप्पे समोर येतात. झुडूपच हवे असेल तर शंकासूर लावावा. त्याचे दहा लांब पुंकेसर सुटे असतात, जायांग वेगळे ओळखू येते. शिवाय तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे एकाच दांडीवर खाली हिरव्या शेंगा, मध्ये फुले आणि वर कळ्या अशी सारी गोष्ट क्रमाने वाचता येते. वाळलेली शेंग तडकन् उकलून बिया दूर उडवते. त्या गोळा कराव्यात, पण विषारी असल्याने लहान मुलांना तोंडात घालू देऊ नयेत.