रोकॅननचे जग : एक अपेक्षाभंग

उर्सुला ल ग्विनबाईंच्या 'अर्थसीचा जादूगार' (१९६८) या कादंबरीने ज्याला एकदा झपाटले, तो त्यांची १९६६ सालची पहिली प्रकाशित कादंबरी, 'रोकॅननचे जग', मोठ्या आशेने उघडतो. प्रारंभ त्या आशेला साजेसा आहे. सेम्ली ही सरदारपत्नी कुळाचा हरवलेला रत्नहार आणण्यासाठी परग्रही जाते. तिच्या लेखी तो एका रात्रीचा प्रवास. परत येते तो पती केव्हाच मेलेला, लहानगी मुलगी मोठी झालेली. रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेल्या ककुद्मी राजाचीही हीच गत झाली. गायन संपेपर्यंत युगे उलटली. पण पुराणकार रेवतीला बलरामाच्या पदरी घालून मोकळे होतात. ल ग्विनबाई सेम्लीला कसलेच सांत्वन देत नाहीत.

दुर्दैव असे, की हे प्रकरण मुळात १९६४ साली स्वतंत्र कथा म्हणून छापलेले. कादंबरी त्यानंतर सुरू होते आणि तेथेच बिनसते. सेम्लीला परग्रहावर भेटलेला मानववंशशास्त्रज्ञ रोकॅनन आता तिच्या ग्रहावर आहे. शत्रूने त्याचे सहकारी मारले आहेत, आणि तो पंखवाल्या वाहनांवरून सूडाला निघतो. संकटे येतात नि जातात. एक दांडगा सरदार त्याला खांबाला बांधून खाली जाळ पेटवतो. पण रोकॅननच्या अंगात कशानेही न भेदणारा पारदर्शक पोशाख आहे! ज्याला आग लागत नाही, त्याच्यासाठी वाचकाने जीव मुठीत का धरावा? अर्थसीतल्या गेडच्या चेहऱ्यावरचे व्रण आयुष्यभर राहतात. जादू आणि यंत्र यांचा सांधा या पोशाखापाशी जुळत नाही, हे बाईंनीही १९७७ च्या प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले.

आमच्या मनवेलपाड्यातील एका तरुण वाचकाने विचारले, "पहिली म्हणून हीच आधी वाचू का?" मी 'नको' म्हटले. सेम्लीची कथा तेवढी वाच, म्हटले.

तरी पुस्तक टाकाऊ नव्हे. डोंगरातला एक वृद्ध रोकॅननला शत्रूची मने ऐकण्याची शक्ती देतो, आणि मोबदल्यात त्याचा मित्र मोगियन जातो. पुढे शत्रूचा तळ नष्ट होतो, तेव्हा त्या साऱ्यांचे मरण रोकॅननला आपल्याच मनात सोसावे लागते. ही पाने गेडच्या निर्मातीचीच. मात्र मोगियनला शूर आणि उमदा यापलीकडे लेखिकेने कधी काही होऊ दिलेले नाही. रोकॅननने एवढी मोठी किंमत दिली, हे आपल्याला कळते. त्याचा चटका बसत नाही.