मुदतीची आई

कॅथरिन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ ही कादंबरी १९७८ साली प्रसिद्ध झाली आणि १९७९ साली तिला तेथील नॅशनल बुक अवॉर्ड हा मानाचा पुरस्कार लाभला. मुलांसाठी लिहिलेले हे छोटेखानी पुस्तक आहे. मूल दत्तक घेण्याच्या विचारात असलेल्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी ते मुद्दाम वाचावे, असे आम्हांस वाटते. याचे कारण थोडे चमत्कारिक आहे. या पुस्तकात गिलीला अखेरपर्यंत कोणीही दत्तक घेत नाही.

ज्या मुलांचे आईबाप त्यांना सांभाळू शकत नाहीत, अशा मुलांना अमेरिकेत शासन एखाद्या कुटुंबाकडे ठेवते. कुटुंबाला खर्चापोटी ठरावीक रक्कम मिळते. मूल मात्र त्यांचे होत नाही. आईचे घर सावरले की ते परत जावे, हा मूळ हेतू. ते अशक्य ठरले तरच दत्तकाचा प्रश्न येतो. या व्यवस्थेला तिकडे ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. आपण तिला प्रतिपालन म्हणू. प्रतिपालन मुदतीचे, दत्तक कायमचे. या दोहोंमधल्या अंतरात मुलाचे काय होते, हा या कादंबरीचा विषय आहे.

लेखिकेला तो पुस्तकांतून मिळालेला नव्हता. मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९३२ साली चीनमध्ये जन्मलेल्या पॅटरसनबाई एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या पत्नी. पोटच्या दोन मुलांबरोबर त्यांनी दोन मुली दत्तक घेतल्या होत्या. पुढे कंबोडियातील दोन मुले थोड्या मुदतीसाठी त्यांच्या घरी राहिली. त्या काळात काही अडचण उद्भवली की ‘ही काही कायमची राहणार नाहीत’ असा विचार आपल्या मनात येई, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. माणसाला तात्पुरते समजून वागवले, तर त्या माणसाच्या मनाचे काय होईल? या प्रश्नातून गिली जन्माला आली.

अकरा वर्षांची गिली तीन वर्षांच्या आत तिसऱ्या घरी चालली आहे. मोटारीत च्युइंगगमचा फुगा फुगवीत ती बसली आहे आणि नव्या घराला कसे जेरीस आणायचे याचे बेत रचते आहे. तिचे खरे नाव गॅलाड्रिएल. टोल्किनच्या (तो आपल्यातलाच, कॅथलिक) कादंबरीतील एका राणीचे ते नाव आईने ठेवले, आणि नावाखेरीज फारसे काही दिले नाही. आईचा एक फोटो गिलीजवळ आहे; त्या फोटोतली सुंदर स्त्री एक दिवस आपल्याला न्यायला येईल, या एका आशेवर ती जगते. म्हणूनच ती कोणत्याही घरात रुजायला तयार नाही. रुजले की उपटले जाण्याचे दुःख आले. ते तिने एकदा भोगले आहे.

नवे घर ट्रॉटर नावाच्या विधवेचे. ती अवाढव्य देहाची, बेताच्या शिक्षणाची, बायबल जवळ बाळगणारी बाप्टिस्ट बाई. घरात विल्यम अर्नेस्ट नावाचा, सावलीलाही भिणारा सात वर्षांचा मुलगा. शेजारचे अंध कृष्णवर्णीय गृहस्थ मिस्टर रँडॉल्फ रोज रात्री जेवायला येतात. लेखिकेचे खरे कौशल्य आम्हांस येथे दिसते. सारी कथा ती गिलीच्या नजरेने सांगते, आणि गिलीची नजर दूषित आहे. तिला ट्रॉटर ओंगळ वाटते, मुलगा मंद वाटतो, आणि रँडॉल्फ यांच्या कातडीचा रंग तिला खुपतो. लेखिका मध्ये पडून वाचकाला कोठेही सावध करीत नाही. आपणही काही पाने त्या तिरस्काराचे भागीदार होतो आणि मग, गिलीच्याच गतीने, ओशाळत बाहेर पडतो.

गिली रँडॉल्फ यांच्या पुस्तकांमागे दडवलेले पैसे चोरते, ट्रॉटरच्या पर्समधले घेते, आणि आईच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोचे तिकीट काढायला बसस्थानकावर जाते. तेथे पोलीस तिला अडवतात. ट्रॉटर त्या लहान मुलाला घेऊन रात्री पोलीसठाण्यावर येते. ती उपदेश करीत नाही, क्षमेचे प्रदर्शनही करीत नाही. घरी चल, एवढाच तिचा आग्रह. चोरलेले पैसे मात्र ती फेडून घेते, घरातली कामे करवून. प्रेम आणि हिशेब एकाच बाईच्या ठायी असू शकतात, हे दाखवणारी बालसाहित्यातली पाने थोडी आहेत.

आणि मग घात होतो, तो गिलीच्याच हाताने. ट्रॉटरची खोटीनाटी निंदा करणारे एक पत्र तिने पूर्वीच आईला धाडलेले असते. त्या पत्रामुळे, नातीच्या अस्तित्वाचीही वार्ता नसलेली आजी तिला शोधत येते. त्या दिवशी घरात सगळे फ्लूने झोपलेले आहेत आणि गिली एकटी सर्वांची शुश्रूषा करते आहे. तापातली ट्रॉटर धडपडत दारापर्यंत येते आणि गिलीच्या अंगावरच कोसळते. आजीला जे दिसते त्यात पत्रातली प्रत्येक ओळ खरी वाटावी! हसू आणि हुंदका एकाच वेळी यावा, असा हा प्रसंग आहे.

कायद्याने गिली आजीची होते. नाताळात आई येते, ती दोन दिवसांसाठी, आणि तीही आजीने पैसे दिल्यामुळे. गिली विमानतळावरून ट्रॉटरला फोन करून घरी येऊ दे म्हणते. जी बाई तिला सोडायला तयार नव्हती, तीच आता नकार देते: तुझे घर आता आजीकडे आहे.

अनेक वाचकांना हा शेवट सलतो. ट्रॉटरने तिला दत्तक का घेऊ नये? कायद्याच्या अंगाने पाहता, आजही उत्तर फारसे वेगळे आले नसते. मुले घरोघरी भटकत राहू नयेत म्हणून अमेरिकेने १९८० आणि १९९७ साली कायदे केले. १९९७च्या कायद्यान्वये, शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल प्रतिपालनात राहिले, तर जन्मदात्यांचे हक्क संपुष्टात आणण्याची कारवाई सुरू करावी लागते. परंतु मूल नातेवाइकांकडे असल्यास तीतून सवलत मिळू शकते. रक्ताच्या नात्याला अग्रक्रम आहेच. साहित्याच्या अंगाने पाहता आमचे उत्तर असे की दत्तकाचा कागद झाला असता, तर ट्रॉटरच्या प्रेमाची जात आपल्याला कळलीच नसती.

ही स्थिती आपल्या समाजाला परकी नाही. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. अनाथाश्रमातून मूल आणणाऱ्या ख्रिस्ती दांपत्याला १८९०च्या कायद्याखाली केवळ ‘पालक’ नेमले जाई, आणि ते पालकत्व मूल सज्ञान होताच संपे. २०००च्या बाल न्याय कायद्याने आणि त्यातील २००६च्या दुरुस्तीने आपल्याला पूर्ण दत्तकाचा मार्ग मोकळा झाला. तोवर ज्यांनी मुले वाढवली, ते कायद्याच्या दृष्टीने मुदतीचेच आईबाप होते. २०१५च्या कायद्यात प्रतिपालनाचीही तरतूद आहे, आणि २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षे सांभाळ केल्यावर प्रतिपालक कुटुंबाला तेच मूल दत्तक मागता येते. ट्रॉटरचा प्रश्न यापुढे आपल्या घरांतही विचारला जाईल. संत योसेफाला आपण ख्रिस्ताचा पालकपिता म्हणतो. बारा वर्षांचा मुलगा मंदिरात आपल्या खऱ्या पित्याविषयी बोलतो, सारे नासरेथला परततात, आणि पुढे योसेफ कथेतून निघून जातो. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही.

पुस्तकात उणे नाही असे नाही. आई कोर्टनी ही फार पातळ रेखाटली आहे. ती उथळ आहे, एवढ्यावर लेखिका तिला निकालात काढते. मूल टाकणाऱ्या स्त्रीमागेही एक कथा असते. तिची येथे चाहूलही नाही. हाच दोष २०१८च्या ‘इन्स्टंट फॅमिली’ या चित्रपटात आढळतो. दिग्दर्शक शॉन अँडर्स यांनी स्वतः प्रतिपालनातील तीन भावंडे दत्तक घेतली आहेत, म्हणून थोरल्या मुलीचा राग त्यात अस्सल उतरला आहे. पण मुलांची आई ऐन वेळी पुन्हा व्यसनात पडते आणि येतच नाही. त्यामुळे न्यायालयातला गोड शेवट प्रेक्षकाला फुकट मिळतो. ती आई खरोखरच सुधारून दारात उभी राहिली असती तर? दोन्ही कलाकृती या प्रश्नाला वळसा घालतात. पॅटरसनबाईंनी निदान त्याची किंमत गिलीकडून वसूल केली आहे.

एक सूचना. गिली शिव्या देते, वर्णद्वेषी बोलते. अमेरिकेत याच कारणासाठी हे पुस्तक शाळा-ग्रंथालयांतून काढावे अशा मागण्या वारंवार झाल्या. आमच्या मते ते धर्मग्रामाच्या वाचनालयात असावे. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देताना घरातल्या मोठ्यांनी ते आधी वाचलेले असावे, म्हणजे पोलीसठाण्याच्या प्रकरणापाशी मूल थांबून काही विचारू लागले, तर बोलायला कोणीतरी असेल.