विज्ञानकादंबरी आणि पडदा

विज्ञानकादंबरीवरील चित्रपटाचे यश त्यातील यंत्रांच्या हुबेहूबपणावर मोजण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. वस्तुतः रूपांतरकाराने जपावयाचा असतो तो कादंबरीने उभा केलेला प्रश्न. स्तानिस्वाफ लेम यांची 'सोलारिस' (१९६१) अंतराळात सुरू होते. तार्कोव्हस्कींचा चित्रपट (१९७२) आधी पृथ्वीवरील घरात, पाण्याकाठी रेंगाळतो. लेम यांना हे रूपांतर रुचले नाही. त्यांचा विषय अज्ञेयाशी पडलेली मानवाची गाठ. दिग्दर्शकाने भर दिला तो अपराधी मनावर. लेखकाची तक्रार रास्तच होती. परंतु अज्ञेयापुढील मनुष्याचे तोकडेपण चित्रपटाने सोडले नाही, म्हणूनच तो टिकला.

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीला हीच कसोटी लावून पाहावी. यंत्रमानवाला 'वामन' म्हणताच तीन पावलांत सर्वस्व व्यापणारा बटू मराठी वाचकापुढे उभा राहतो. भय यंत्राच्या देहात नसून त्या नावात आहे. पडद्यावर मात्र देह आधी दिसतो, नाव मागाहून ऐकू येते. तेथे अक्राळविक्राळ यंत्र दाखविणारा दिग्दर्शक कादंबरीच गमावील; त्याला नम्र, लहानखुरा याचकच दाखवावा लागेल. शब्द सोडून अर्थ राखणे हा अनुवादकाचा धर्म. कॅमेऱ्याचाही धर्म याहून निराळा नाही.