पुराव्याचे ओझे : एजंट ऑरेंज आणि भरपाईचे साहित्य

व्हिएतनाम युद्धावरचे अमेरिकी साहित्य आपल्याला बहुधा चित्रपटांमधून ठाऊक असते. जंगल, हेलिकॉप्टर, वेडावलेले तरुण सैनिक असे त्याचे ठरलेले चित्र आहे. या साहित्याचा एक कमी वाचला जाणारा भाग मात्र युद्ध संपल्यावर सुरू होतो. त्यातली माणसे दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात, अर्ज भरत असतात, वकिलाकडे जात असतात. त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो : हा आजार त्या फवारणीमुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करू शकता का? 1983 ते 1986 या अवघ्या चार वर्षांत अमेरिकेत या प्रश्नाभोवती चार महत्त्वाची पुस्तके आली. ती एकत्र वाचली, तर भरपाईचा कायदा पुढे ज्या निष्कर्षाशी पोहोचला, त्याची पायवाट आधी साहित्यात, आणि तीही एका कादंबरीत, पडलेली दिसते. पुढे हा कायदा जिथे अडला, तिथे साहित्यही बराच काळ अडून राहिले, असे माझे म्हणणे आहे.

आधी घटनाक्रम. 1962 ते 1971 या काळात अमेरिकी हवाई दलाने ‘ऑपरेशन रँच हँड’ या मोहिमेत दक्षिण व्हिएतनामची जंगले आणि शेते यांवर तणनाशके फवारली. शत्रूला लपायला झाडी आणि खायला पीक उरू नये हा हेतू. एकूण सुमारे 2 कोटी गॅलन रसायने पडली, आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वाटा ‘एजंट ऑरेंज’चा होता. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून हे नाव पडले. त्यात 2,4-डी आणि 2,4,5-टी ही दोन तणनाशके समप्रमाणात असत. यांतले 2,4-डी आपल्याकडे आजही शेतात वापरले जाते. खरा घात दुसऱ्यात होता. 2,4,5-टी तयार होताना टीसीडीडी नावाचे डायॉक्सिन त्यात अशुद्धी म्हणून उतरत असे. हे डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे टिकते. त्याचे परिणाम दिसायला दहा, वीस, तीस वर्षेही लागू शकतात, आणि ते दिसतात तेव्हा मधुमेह, कर्करोग, हृदयविकार अशा सर्वसामान्य रूपांत दिसतात. फवारणी न पाहिलेल्या माणसालाही हेच आजार होतात. भरपाईचा सगळा पेच या एका वैद्यकीय वस्तुस्थितीत आहे.

1970च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोमध्ये माजी सैनिक विभागाच्या कर्मचारी मॉड डिव्हिक्टर यांना दाव्यांच्या कागदांत एक साम्य दिसू लागले. 1978मध्ये त्यावर दूरचित्रवाणीवर माहितीपट झाला. त्याच वर्षी कर्करोगाने आजारी असलेल्या पॉल रॉयटरशन या माजी सैनिकाने रसायन कंपन्यांवर दावा लावला, आणि वर्ष संपण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. पुढे हा दावा हजारो सैनिकांचा सामूहिक दावा झाला.

फ्रेड विलकॉक्स यांचे 1983चे पुस्तक या टप्प्यावर येते. ‘एक सैन्य मरण्याची वाट पाहताना’ असा त्याच्या नावाचा अर्थ. सरकार चौकशी लांबवत आहे, तोवर दावेदारच उरणार नाहीत, हा आरोप शीर्षकातच आहे. पुस्तकाचा कणा म्हणजे सैनिकांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या साक्षी. पुरळ, थकवा, गर्भपात, व्यंग घेऊन जन्मलेली मुले यांची हकिकत एकामागून एक येते. तिचा परिणाम मोठा आहे, पण याच मांडणीत पुस्तकाची मर्यादाही आहे. प्रत्येक साक्ष ‘यामुळेच’ असे म्हणायला निघते. म्हणजे विरोधी पक्षाने घातलेली अट लेखकाने मनोमन स्वीकारलेली असते : एका माणसाचा एक आजार आणि त्याचे एकच कारण. हाच सामना जिंकणे शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य होते. साक्षींची संख्या वाढवून तो जिंकता येत नाही.

तो का जिंकता येत नाही, हे पीटर शक यांच्या ‘एजंट ऑरेंज ऑन ट्रायल’ (1986) या ग्रंथात कळते. येल विद्यापीठातले हे कायद्याचे प्राध्यापक खटल्याकडे थंडपणे पाहतात, आणि त्या थंडपणाचा इथे उपयोग होतो. 7 मे 1984 रोजी, खटला उभा राहण्याच्या तोंडावर, न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांच्या दबावाखाली सात कंपन्यांनी 18 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कोणीही दोष कबूल केला नाही. जे सैनिक सामूहिक दाव्याबाहेर राहून स्वतंत्रपणे लढत होते, त्यांचे दावे याच न्यायाधीशांनी 1985मध्ये कार्यकारणाचा पुरावा नाही म्हणून काढून टाकले. एकाच न्यायालयाने एका गटाला पैसे मिळवून दिले आणि त्याच आजारांच्या दुसऱ्या गटाला रिकाम्या हाताने परत पाठवले. शक यांच्या विवेचनातून दिसते ते असे : व्यक्तीच्या पातळीवर कारण सिद्ध करण्याची जुनी पद्धत समूहाला झालेल्या विषबाधेपुढे मोडून पडते. तडजोडीचा निधी वाटतानाही अखेर हीच पद्धत बाजूला ठेवावी लागली. संपूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू असेल, तर कारणाचा पुरावा न मागता रक्कम द्यायचे ठरले. वाटप संपले तेव्हा सुमारे 1 लाख 5 हजार अर्जांपैकी 52 हजार जणांना पैसे मिळाले होते. सरासरी रक्कम 3,800 डॉलर. शक यांच्या पुस्तकात आजारी माणूस मात्र फारसा दिसत नाही. विलकॉक्सकडे माणसे आहेत आणि युक्तिवाद कच्चा आहे, शककडे याच्या उलट.

तिसरे पुस्तक या दोन्हींहून अवघड जागी उभे आहे. ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट हे 1968 ते 1970 या काळात व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते. नदीकाठच्या दाट झाडीतून गस्ती नौकांवर हल्ले होत, म्हणून काठ उघडे करण्यासाठी त्यांनी फवारणी करवली. त्याच नद्यांमधून त्यांचा मुलगा गस्ती नौका घेऊन फिरत होता. 1983मध्ये मुलाला लिम्फोमा झाला, दोन वर्षांनी हॉजकिन्सचा आजार निघाला. नातू शिकण्यातल्या गंभीर अडचणी घेऊन जन्मला होता. ‘माय फादर, माय सन’ (1986) या पुस्तकात बाप आणि मुलगा आळीपाळीने बोलतात. बाप म्हणतो, फवारणीने वाचलेले जीव पाहता मी पुन्हा तोच निर्णय घेईन. मुलगा बापाला दोष देत नाही. 1988मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, मुलगा गेला.

या पुस्तकाला शोकांतिका म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक परीक्षणांनी तेच केले. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे निर्विवाद पुरावा नाही हे बापलेक दोघेही जाणतात, तरीही दोघे कारण मानून चालतात. सेनापतीने आपल्याच घरात संशयाचा फायदा आजारी माणसाला दिला. 1990मध्ये माजी सैनिक विभागासाठी लिहिलेल्या अहवालात झुमवाल्ट यांनी हेच सार्वजनिक पातळीवर मांडले आणि सरकारी शास्त्रीय परीक्षणावर कठोर टीका केली. पण पुस्तकाची नजर नौकेच्या बाहेर जात नाही. काठावरच्या गावांत कोण राहत होते, पीक गेल्यावर त्यांनी काय खाल्ले, हा प्रश्न त्यात उठत नाही. वाचलेल्या जिवांची मोजणी एकाच बाजूची आहे.

या तिघांपेक्षा बॉबी ॲन मेसन यांची ‘इन कंट्री’ (1985) ही कादंबरी मला वरची वाटते. तिचा काळ 1984चा उन्हाळा, म्हणजे तडजोड झाली तोच. केंटकीतल्या एका छोट्या गावात सतरा वर्षांची सॅम आपल्या मामाबरोबर राहते. तिचा बाप ती जन्मण्याआधी व्हिएतनाममध्ये मेला. मामा एमेट परत आला, पण नोकरी करत नाही, घराच्या पायाजवळ चर खणत बसतो. त्याच्या चेहऱ्यावर पुळ्या आहेत, डोके दुखते. सॅमची खात्री आहे की हे एजंट ऑरेंजच. एमेट हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कादंबरी शेवटपर्यंत निदान देत नाही. यावर काही वाचक नाराज झाले, तरी माझ्या मते हीच लेखिकेची सर्वांत मोठी समज आहे. चेहऱ्यावरच्या पुळ्या विषाच्या आहेत, युद्धाच्या आठवणीच्या आहेत की साध्याच, हे एमेटलाही कळू शकत नाही. पण त्याची काळजी घेण्यासाठी सॅमला त्या उत्तरासाठी थांबावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात 1983मध्ये गाजलेले जॉन शूमान यांचे ‘आय वॉज ओन्ली नाइन्टीन’ हे गाणेही एका सैनिकाच्या अनुत्तरित प्रश्नांवरच उभे आहे. तिथल्या चौकशी आयोगाने 1985मध्ये एजंट ऑरेंजला ‘निर्दोष’ ठरवले. त्या निकालाने गाण्यातले प्रश्न मिटले नाहीत.

कादंबरीने सुचवलेली वाट कायद्याने 1991मध्ये धरली. त्याआधीच्या नियमांत केवळ क्लोरॲक्ने हा त्वचारोगच मान्य होता. ते नियम 1989मध्ये न्यायालयाने रद्द केले. 6 फेब्रुवारी 1991च्या ‘एजंट ऑरेंज कायद्या’ने दोन गोष्टी गृहीत धरल्या : जो सैनिक व्हिएतनामच्या भूमीवर होता त्याचा विषाशी संपर्क आला, आणि त्याला यादीतला आजार झाला तर तो सेवेमुळेच झाला. आजार यादीत यावा की नाही हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र समितीने दर दोन वर्षांनी पुरावे तपासायचे. बाजूचा पुरावा विरुद्ध पुराव्याच्या बरोबरीचा असला तरी पुरे. पुराव्याचे ओझे असे आजारी माणसाच्या खांद्यावरून उतरले.

या व्यवस्थेवरचा आक्षेप गंभीर आहे. प्रोस्टेटचा कर्करोग 1996मध्ये, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह 2001मध्ये, तर हृदयविकार आणि पार्किन्सन्स 2010मध्ये यादीत आले. साठी ओलांडलेल्या पुरुषांत हे आजार असतातच. मग फवारणीशी काही संबंध नसलेल्यांनाही सरकारी पैसा जातो, असे टीकाकार म्हणतात. ते खरेच आहे. पण पर्याय काय? डायॉक्सिनची खूण रक्तातून विरत गेल्यावर खरा आणि खोटा दावेदार वेगळा करण्याचे साधनच नाही. चूक कोणत्या बाजूला व्हावी एवढेच ठरवणे हाती उरते. ज्याने माणसाला तिथे पाठवले, त्याच्या खर्चाने ती व्हावी, असे कायद्याने ठरवले.

ठरवले, पण सावकाश. उच्च रक्तदाबाचे उदाहरण पुरेसे आहे. समितीने 2006मध्ये त्याच्याबाबत मर्यादित पुरावा असल्याचे नोंदवले, 2018मध्ये तो पुरेसा मानला, आणि यादीत तो आला 2022च्या ‘पॅक्ट’ कायद्याने. 1968मध्ये वीस वर्षांचा असलेला सैनिक तेव्हा 74 वर्षांचा झाला होता. किनाऱ्यापासून दूर जहाजांवर असलेल्यांना जमिनीवर पाय ठेवला नाही म्हणून विभागाने 2002पासून वगळले होते. त्यांना हक्क मिळायला 2019 उजाडले. विलकॉक्सच्या 1983च्या शीर्षकातला आरोप जुना झाला नाही.

आणि हे गृहीतक गणवेशापाशी थांबते. स्टेलमन आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये ‘नेचर’मध्ये अंदाज मांडला की फवारणी झालेल्या खेड्यांमध्ये 21 ते 48 लाख लोक असावेत. व्हिएतनामी पीडितांच्या संघटनेने 2004मध्ये अमेरिकेत दावा लावला. तो त्याच वाइनस्टाइन यांच्यापुढे आला आणि 2005मध्ये फेटाळला गेला. 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो ऐकण्यास नकार दिला. अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या दक्षिण कोरियाच्या सैनिकांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना सोलच्या उच्च न्यायालयाने 2006मध्ये भरपाई मंजूर केली होती. 2013मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती क्लोरॲक्ने झालेल्या 39 जणांपुरती उरवली. क्लोरॲक्नेला दुसरे कारण नसते, म्हणून तेवढेच सिद्ध. अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी सोडून दिलेली कसोटी इतरांना तशीच लागू राहिली. अमेरिकेने दा नांगच्या विमानतळावरची माती 2012 ते 2018 या काळात स्वच्छ केली, बिएन होआचे काम हाती घेतले, अपंगांसाठी मदतनिधीही दिला. या सगळ्याला ती मदत म्हणते, भरपाई म्हणत नाही.

साहित्य ही रेषा ओलांडू शकते, पण त्यालाही वेळ लागला. विलकॉक्स यांनी व्हिएतनामी कुटुंबांकडे वळणारे ‘स्कॉर्च्ड अर्थ’ लिहिले ते 2011मध्ये, पहिल्या पुस्तकानंतर 28 वर्षांनी. ट्रॅन तो न्गा यांचे फ्रेंचमधले आत्मकथन 2016मध्ये आले. युद्धकाळात त्या मुक्ती आघाडीच्या बाजूने पत्रकार होत्या, फवारणीखाली सापडल्या, पहिली मुलगी त्यांनी तान्हेपणीच गमावली. 2014मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये रसायन कंपन्यांवर दावा लावला. 2021मध्ये एव्हरीच्या आणि 2024मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने, कंपन्या अमेरिकी सरकारसाठी काम करत होत्या या कारणाने, तो नाकारला. झुमवाल्ट यांच्या पुस्तकाशेजारी हे आत्मकथन ठेवून वाचायला हवे. एका पुस्तकात फवारणीचा आदेश देणारा बाप आपल्या मुलासाठी पुराव्याची अट सोडतो. दुसऱ्यात त्याच फवारणीखालची आई ती अट पूर्ण करायला न्यायालयात उभी राहते, आणि पुरावा तपासण्याआधीच तिला परत पाठवले जाते.

‘इन कंट्री’चा शेवट वॉशिंग्टनच्या युद्धस्मारकापाशी होतो. काळ्या भिंतीवर सॅमला बापाचे नाव सापडते, आणि स्वतःच्या नावाशी जुळणारे एक नावही. एमेटसारखे, घरी परतून नंतर आजाराने गेलेले, त्या भिंतीवर बसत नाहीत. त्यांच्यासाठी 2004मध्ये जवळच एक पाटी बसवली, तीवर एकही नाव नाही. व्हिएतनामी माणसांसाठी त्या आवारात तेवढीही जागा नाही. मेसन यांच्या कादंबरीतही नाही. तिला या साहित्यातली सर्वांत चांगली कृती म्हणताना हे नोंदवणे भाग आहे.